चिकटपट्टीचा एक वेढा

"थांबा," ऑर्केस्ट्राच्या निवडचाचणीत कंडक्टर म्हणाले आणि त्यांनी पियानोवर एक सूर दाबून धरला. "तुमचं व्हायोलिन अर्धा सूर वर लागलंय. आणि ही सिम्फनी एवढी पळत नाही. कुणी शिकवली?"

"रेकॉर्डनं," मी म्हणाले. परीक्षकांपैकी कुणीतरी हसलं.

मला वसईच्या घरातला रेकॉर्ड प्लेअर दिसला. त्याची तबकडी रेंगाळायला लागली, तेव्हा पप्पांनी मोटरच्या कप्पीवर चिकटपट्टी गुंडाळली होती. एखादा वेढा जास्त झाला असणार, म्हणून रेकॉर्ड पळायची आणि तिचा सूरही चढायचा. त्याच सुराला तारा जुळवून, त्याच वेगानं मी सहा वर्षं वाजवत होते.

"पुढच्या वर्षी या," कंडक्टर म्हणाले.

"पुढच्या वर्षी कशाला, सर? तारा आत्ता उतरवते." मी चारही तारा पियानोशी जुळवल्या. "वेग तेवढा तुम्ही मोजून द्या."

त्यांनी नाइलाजानं टेबलावर पेन्सिलीनं ठेका धरला. माझी बोटं पुढे धावायची, मी त्यांना ओढून मागे आणायची. दुसऱ्या ओळीला पोचले आणि दचकलेच. सहा वर्षं मला जे भांडण वाटत होतं, ते कुणाचं तरी आवरून धरलेलं रडणं होतं. मी थांबले नाही. शेवटच्या सुरापर्यंत कुणी हसलंही नाही.

बाहेर येऊन फोन लावला.

"झाली का गं निवड?" पप्पांनी विचारलं.

"सोमवारपासून तालीम. आणि पप्पा, त्या चिकटपट्टीचा एक वेढा काढा. आपण ती रेकॉर्ड अजून ऐकलेलीच नाही."