प्लास्टिकवरचा गंज

पटावरच्या लढाईच्या खेळासाठी मी अंगठ्याएवढे प्लास्टिकचे शिपाई रंगवतो. या वेळी कंटाळा केला. एकाला नुसता चंदेरी रंगाचा हात मारला आणि तसाच क्लबाच्या प्रदर्शनातल्या स्पर्धेला नेला.

तिथे डबा उघडला तर त्याच्या चिलखतावर गंज चढलेला. कडांना खपल्या धरलेल्या, खिळ्यांखालून तपकिरी ओघळ उतरलेले.

"काय हात आहे रे तुझा," आमच्या क्लबातले काका म्हणाले. "कसं केलंस हे?"

"स्पंजने," मी म्हणालो. "आधी तपकिरी टिपला, मग वर थोडा नारिंगी."

सगळे मन लावून ऐकत होते. मला मान वर करवेना, पण बक्षीस मात्र मी घेतलं.

घरी ताईने कौतुकाने माझा हात हातात घेतला. "अंगठ्याला रंग तसाच आहे बघ."

तपकिरी रंगाची बाटली तर मी उघडलीही नव्हती. बेसिनपाशी जाऊन साबणाने घासघास घासलं, डाग हलेना.

"थांब, मी काढते," म्हणत तिने नखाने खरवडलं. खपली सुटून बेसिनमध्ये टणकन पडली.

खाली कातडी नव्हती. चंदेरी होतं.

"हे कसं केलंस?" ताईने हळूच विचारलं.

"स्पंजने," माझ्या तोंडून निघालं.