घोडदळावर उतारा

सरावातही पियुषचे सगळे तिरंदाज पुन्हा एकदा घोड्यांच्या टापांखाली गेले. मागच्या खुर्चीत बसलेल्या शालिग्रामरावांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "तू त्यायले असं उघड्यावर काहून उभं करून राहिला?"

पियुषनं मान न वळवता सांगितलं की हा कम्प्युटरवरचा खेळ आहे, तुम्ही आपला पेपर वाचा. शालिग्रामरावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस, बायको गेल्यापासून थोरल्या पियुषकडे रायपुरातल्या चौबे कॉलनीत राहत होता. धाकटा गौतम मंत्रालयात नोकरीला, फ्लॅट नव्या रायपुरात. दर रविवारी दोघं भाऊ आपापल्या घरी बसून जुन्या काळच्या लढायांचा हा खेळ खेळत. गौतमकडे घोडदळ, पियुषकडे पायदळ, आणि जिंकायचा नेहमी गौतम. म्हाताऱ्याला एरवी त्याचं काय पडलं होतं! पण मंगळवारी त्यांनी पियुषला फोनवर बोलताना ऐकलं होतं. "ठरलं मग. बाबा कोणाकडे राहतील, त्याचा फैसला ह्या रविवारच्या लढाईवर."

आधी त्यांना हसू आलं, मग छाती फुगली. दोन कर्ते पोरगे बापासाठी लढायला उभे राहतात, म्हातारपणी आणखी काय पाहिजे? बागेत रोज भेटणाऱ्या गुलाबरावांना त्यांनी हे अगदी रंगवून सांगितलं. गुलाबरावांचा मुलगा दिवाळीला फोन करतो तेवढाच, त्यामुळे ते बिचारे नुसती मान हलवत राहिले. परत येताना मात्र शालिग्रामराव रस्त्यातच थबकले. गौतम तर कधी हरतच नाही.

नवं रायपूर त्यांनी पाहिलं होतं. रस्ते हे एवढे रुंद, पण रामराम करायला माणूस दिसत नाही. बसची वाट पाहता पाहता उन्हात जीव जातो. इथं गुलाबराव आहेत, चौकातले गरम पोहे आहेत, आणि शेजारची इंदू रोज गेटातून हाक मारून तब्येत विचारते. हे सगळं सोडून जायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. आपल्याला पैज ठाऊक आहे हे त्यांनी घरात दाखवलं नाही. पोरगा उगाच ओशाळला असता.

त्याऐवजी ते पियुषच्या मागे लागले. हे आडवं धनुष्य काय असते? पियुषनं वैतागून सांगितलं, हा क्रॉसबो. खटका दाबला की बाण चिलखत फोडून जातो, पण पुन्हा ताणायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात घोडा अंगावर येतो. मग पुढं भालेवाले काहून ठेवत नाही? तर म्हणे, भाल्यांवर घोडे जातच नाहीत. भाले दिसले की गौतम वळसा घालतो आणि पाठीवर येतो. खरी मेख तिथं होती.

शालिग्रामरावांना खेळाची गोडीच लागली. आता त्यांचा जेवणाचा टेबल म्हणजे रणांगण. शेंगदाणे घोडे, काड्यापेटीतल्या काड्या भाले, आणि हरभरे तिरंदाज. शेंगदाण्यांनी वळसा घातला की हरभरे मेले, किती वेळा मांडलं तरी तेच. सून स्नेहलनं हे पाहिलं आणि न मागता चहा आणून ठेवला. तिलाही आपण हवे आहोत, असं त्यांना वाटलं आणि बरं वाटलं.

शनिवारी त्यांना उमगलं. ही घोड्याची नाही, गौतमची गोष्ट होती. हा पोट्टा लहानपणापासून उतावीळ, ताटात गोड दिसलं की आधी त्यावरच हात.

"त्याले तिरंदाज उघडे दिसू दे," ते पियुषला म्हणाले. "एका अंगाला नदी घे, दुसऱ्या अंगाला जंगल. भालेवाले मागच्या झाडीत लपव. तो धावून आला की एकदा बाण मार अन् तिरंदाज मागं घे. मग भाल्यांची रांग बंद कर, अन् रांगेमागून निवांत मारत राह्य."

पियुष वळला आणि पहिल्यांदाच बापाकडे नीट पाहत राहिला. मग चटकन नजर खाली घेतली. "बाबा, तुम्ही रविवारी माझ्याजवळ बसान?"

धाकट्याचा कच्चा दुवा थोरल्याला सांगताना त्यांना वाईट वाटलं होतं. दिवाळीत आठवडाभर गौतमकडे जाऊन राहू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

रविवारी दुपारी लढाई लागली. गौतमचे घोडे टेकडीवर आले, थांबले. पियुष लगेच बाण सोडायला निघाला. थांब जरा, शालिग्रामराव पुटपुटले, त्याच्यानं राहवणार नाही. आणि झालंही तसंच! सगळं घोडदळ एकदम उतारावरून सुटलं. बाण गेले, तिरंदाज मागं सरले, झाडीतून भाले निघाले. नदीकडं वळायला जागा नव्हती, मागचे घोडे पुढच्यांवर आदळले. मग नुसते बाण, बाण आणि बाण. मैदानावर गौतमचा एक घोडा उरला नाही.

पियुषनं बापाला कडकडून मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. एवढा जीव आहे पोराचा आपल्यावर, आणि आपण वेड्यासारखे घाबरलो! पियुष स्नेहलला सांगायला धावत स्वयंपाकघरात गेला आणि आतून दोघांचं हसणं ऐकू आलं.

टेबलावरचा पियुषचा फोन वाजला. गौतमचा होता. हिरमुसला असेल बिचारा, दोन शब्द समजुतीचे बोलावे म्हणून त्यांनी तो उचलून कानाला लावला. ते बोलायच्या आतच तिकडून गौतम म्हणाला, "जिंकला बाप्पा तू दादा. ठरलं होतं, हरला त्याच्या गळ्यात बाबा. उद्या सकाळी येतो त्यायले घ्यायले."