खांद्यावरच्या चुण्या

"पाचपर्यंत पैसे टाकले नाहीस, तर तुझा फोटो तुझ्या मोबाइलमधल्या सगळ्यांना जाईल!" सकाळपासूनचा हा अकरावा फोन. मोबाइल ॲपवरून घेतलेलं कर्ज शालनने व्याजासकट कधीच फेडलं होतं, पण ऐकतो कोण? नुसत्या ब्लाउज-परकरातल्या कुठल्याशा बाईच्या धडावर तिचा चेहरा चिकटवून वसुलीवाल्याने तो फोटो तिला आधीच पाठवला होता. तिने तो नीट पाहिलाही नव्हता.

मोबाइलमधले बहुतेक नंबर गिऱ्हाइकांचे. बावीस वर्षं विश्वासाने मापं देणाऱ्या बायकांचे. ती शिलाई मशीनवर बसली. उजवी बाही डावीकडे जोडली, उसवली आणि पुन्हा तिथेच जोडली.

पाच वाजून गेले आणि दारात चपला वाजल्या. पेंढारकरबाई, मागे आणखी तिघी गिऱ्हाइकं. सगळ्यांच्या हातात मोबाइल. शालन मशीनवरून उठली.

"बाई, तो फोटो..."

"बघितला," पेंढारकरबाईंनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "तोंड तुझं आहे गं. पण हा ब्लाउज? खांद्याला चुण्या, काखेत ओढ. असलं फिटिंग तू अंगाला लावशील होय? चल, पोलिसांत तक्रार द्यायचीय. आम्ही चौघी येतोय."

शालनने पदराने डोळे पुसले. मोबाइल हातात घेऊन पहिल्यांदाच तो फोटो नीट निरखला.

"गळासुद्धा वाकडा बेतलाय मेल्यांनी," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.