चौकोनाबाहेरची बोरं

बाबा गाडीत नव्हते.

मागचं दार सताड उघडं, एसी चालू आणि सीटवरचा खोका फाटलेला. भैरवीने आधी खोका पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खोक्यात उंदरांच्या विषाच्या पुड्या होत्या. आत गुलाबी गोळ्या, हुबेहूब बडीशेपेच्या गोळ्यांसारख्या. आणि बडीशेपेच्या गोळ्या म्हणजे बाबांचा जीव की प्राण. तीन पुड्या कमी होत्या.

"मैं नमाज को गया था, मॅडम. बाबाजी सो रहे थे," ड्रायव्हर अबूबकर रडवेला झाला होता. "आप इधर देखो, मैं रोड पे देखता."

बाबांना घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. गोविंदराव नाशिकहून इथे आखातात, मदिनत खलीफा वस्तीतल्या लेकीच्या घरी आले तेव्हा नुसती नावं विसरायचे. आता हाताला लागेल ते उचलून कुठेतरी जपून ठेवायचे आणि ठेवलेलं विसरायचे. टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात सापडे, किल्ली कुंडीतल्या मातीत. कुणासाठी ठेवलं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "शौनकला." त्यावर नातू कपाळाला हात लावून म्हणायचा, "आजोबा, नॉट अगेन!" नवरा बंदरावर ड्यूटीला, शौनक शाळेत, म्हणून आज भैरवी बाबांना साइटवर घेऊन आली होती. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

"बाबा!" ती ओरडत धावली. सगळा सपाट माळ, हाकेला हाकसुद्धा परत येईना.

ही जागा म्हणजे रौदा, वाळवंटातला सखल भाग, जिथे पावसाचं पाणी साचतं. इथे सिद्रची झाडं उगवून दाखवायचं काम भैरवीच्या कंपनीने घेतलं होतं. सिद्र म्हणजे आपली बोरच. तिने नकाशाबरहुकूम दोरी बांधून चौकोन आखला, त्यात बिया टाकल्या. उंदरांनी त्या रातोरात साफ केल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच. यंदा हिवाळ्यात पाऊसही चांगला झाला, तरी चौकोन बोडका तो बोडकाच. उद्या क्लायंट बघायला येणार होता. रोपं दिसली नाहीत तर प्रोजेक्ट खलास, आणि त्याबरोबर तिची नोकरीही. निदान उंदरांचा बंदोबस्त केला एवढं तरी सांगता यावं, म्हणून तिने विष आणलं होतं. अंधार पडायच्या आत बिळांशी टाकायचं होतं.

आणि आता ते बाबांच्या पोटात गेलं असेल तर? ती चौकोनाकडे धावली.

चौकोनापलीकडे वाळूचा एक उंचवटा होता. त्याच्यामागे बाबा उकिडवे बसले होते.

"काय खाल्लंत? बाबा, आ करा! आ!" तिने त्यांची हनुवटी धरली, जीभ पाहिली, तोंडाचा वास घेतला. गुलाबी ठिपकासुद्धा नव्हता.

"मी कशाला खाऊ? शौनकच्या आहेत त्या," बाबा दुखावले. त्यांनी मूठ उघडली. आत एक पुडी होती, न फोडलेली. "ठेवायला जागा बघत होतो. तर इथे कुणीतरी आधीच काहीबाही ठेवलंय. ठेवलंय आणि विसरलंय बघ."

त्यांच्या पायाशी बोरीची रोपं होती. एकाच भोकातून आठ-दहा, कोथिंबिरीच्या जुडीसारखी. हातभर अंतरावर दुसरी जुडी. पुढे तिसरी. आणि मधूनमधून उंदरांची बिळं.

भैरवी मटकन खाली बसली. कॉलेजात तिने ओकच्या जंगलांवर पानंच्या पानं लिहिली होती. उंदीर ओकची फळं पळवतात, बरीचशी खातात, उरलेली पुरून ठेवतात आणि त्यातली काही विसरतात. त्या विसरण्यातून नवं झाड उगवतं. त्या उत्तराला तिला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. आणि इथे स्वतःच्या साइटवर तिने त्याच उंदरांना चोर ठरवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती चौकोनात डोळे लावून बसली आणि चोरांनी बाहेर बाग लावली. तिला हसू फुटलं. तिने बाबांना घट्ट मिठी मारली.

मग तिला बाकीच्या पुड्या आठवल्या.

"बाबा, अजून दोन होत्या ना? त्या कुठायत?"

"ठेवल्या की नीट."

"कुठे पण?"

बाबांनी चहूकडे पाहिलं. सगळीकडे सारखीच वाळू. त्यांचा चेहरा कोरा होत गेला. "इथेच कुठेतरी... का शौनकला दिल्या मी?"

ऊन उतरलं होतं. उंदीर बाहेर पडायची वेळ झाली होती. बाबा विसरले होते, पण उंदरांना पुड्यांचा वास लागणार होता. या रानाचे माळी एका रात्रीत मेले असते, आणि विष तिनेच आणलेलं. भैरवी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली. रोपांना धक्का न लावता, जुड्यांच्या कडेकडेने. एक पुडी लागली. दुसरी लागेना. समोरच्या बिळातून एक बारीक नाक बाहेर आलं. तिने जोरात टाळी वाजवून त्याला आत हुसकलं आणि पुन्हा उकरू लागली. नखांत वाळू गेली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बाबा तिच्याशेजारी मांडी घालून बसले. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"काय हरवलंय गं तुझं?" ते मायेने म्हणाले. "रडू नकोस. मी शोधून देतो."