दोन मोसमांचा क्लब

मध्यंतराला कोल्हापूरचा संघ एका गोलने पुढे होता. खेळाडू हसत ड्रेसिंग रूममध्ये शिरले, तर प्रशिक्षक फोन हातात धरून नुसतेच बाकावर बसलेले.

"मालकांनी क्लब बंद केला," ते म्हणाले. "आत्ताच कळवलं. हा आपला शेवटचा सामना."

कर्णधार यासीन अत्तारने दोनच मोसमांपूर्वी या नव्या क्लबसाठी रेल्वेची पक्की नोकरी सोडली होती.

"चेष्टा करताय काय, सर?" त्याने विचारलं. सरांनी फोनवरचा मेसेज त्याच्यासमोर धरला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं, म्हणून सगळे मैदानात गेले आणि खेळले. सामना जिंकलेही. गॅलरीत हलगी कडाडली, लोक नाचू लागले. त्यांना अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मिरजेच्या संघाचा बचावपटू हात मिळवायला आला. "पुढच्या वर्षी या आमच्या मैदानावर, मग दावतो तुम्हाला!"

यासीनने त्याला मिठी मारली आणि सोडेचना. त्याचे खांदे गदगदत होते.

मिरजेचा गडी पुरता गोंधळला. "अरे मर्दा, जिंकलायसा की तुम्ही! रडतोस कशाला?"