लिलावाची पाटी

फुटबॉल क्लबचं दिवाळं निघालं आणि स्टेडियमच्या फाटकावर लिलावाची पाटी रंगवायचं काम दर मॅचला हजर असणाऱ्या एका पेंटरच्याच गळ्यात पडलं. खाली म्हातारा वॉचमन शिडी धरून उभा होता. “मालक लबाडच होता हो,” तो म्हणाला, “पण तोट्यातही खिशातून आमचे पगार भागवायचा. प्रेक्षकांनी ‘चालते व्हा’ ओरडून त्याला पिटाळलं, नवा कुणी आलाच नाही, कोर्टानं क्लबला टाळं ठोकलं, अन् उद्यापासून मीही घरीच बसणार.” पेंटरचा ब्रश अडखळला. दर मॅचला पहिली आरोळी त्याचीच असायची. नवे मालक रांग लावून उभे आहेत, असं छातीठोकपणे सांगणाराही तोच. “काका, सुरुवात मीच केली होती,” तो कसाबसा म्हणाला. “ठाऊक आहे. आवाज ओळखतो मी.” आता शिडी सुटणार, असं पेंटरला वाटलं. वॉचमननं ती उलट घट्ट धरली. “सावकाश उतरा. पडाल.” सोडली असती तर बरं झालं असतं.