मोगऱ्याचा हार

सुरक्षा सप्ताहाच्या समारंभाला मोगऱ्याचे हार आणायची अक्कल कारखान्याचे व्यवस्थापक कर्णिकसाहेब यांचीच.

तीन वर्षांपूर्वी अमोनियाच्या टाकीची गळती बंद करण्याऐवजी त्यांनी वास बंद केला होता. प्रत्येक कामगाराच्या नाकात चिप बसवली, फोटोसाठी स्वतःच्याही. तेव्हापासून अमोनिया गळला की सगळ्यांना मोगऱ्याचा वास यायचा. तक्रारी थांबल्या आणि साहेबांना पुरस्कार मिळाला. कामगार मात्र मोगरा आला की वारा कुठून येतो ते बघून आडवे पळत. त्यांच्या घरी सणालाही कोणी गजरा माळत नसे.

आज हॉल मोगऱ्यानं दरवळत होता आणि सगळे निवांत बसून होते. वास हारांचाच, असं प्रत्येकजण धरून चालला होता.

साहेबांचं भाषण रंगलं. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "तुमचं प्रेम बघून भरून येतं हो," ते म्हणाले.

तिसऱ्या रांगेतल्या शेवंता घरत अठरा वर्षं त्या टाकीवर काम करत होत्या. दोन माणसं भाजली तेव्हाही या माणसाचे डोळे ओले झालेले त्यांनी पाहिले नव्हते. आता त्यांचेही डोळे चुरचुरत होते. त्या ताडकन उठल्या.

"अरे, साहेब रडतायत! पळा!"

क्षणात हॉल रिकामा झाला.

"बेशिस्त लेकाचे," साहेब पुटपुटले, आणि मन शांत करायला त्यांनी गळ्यातला हार नाकाशी धरून खोल श्वास घेतला.